कार्ताहेनाचे किल्ले पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं कार्ताहेना दे इंडियास हे स्पॅनिश साम्राज्याच्या दक्षिण अमेरिकेतल्या सगळ्यात महत्त्वाच्या बंदरांपैकी एक होतं. आज तिथे जाणारे बहुतेक पर्यटक एक किल्ला पाहतात, तटावर सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी बेटांकडे निघतात. किल्ल्यांचं वेड असलेल्या माणसाने असं करू नये. कार्ताहेनात सुटा किल्ला नाहीच. खाडीच्या तोंडापासून शहराच्या दारापर्यंत बुरूज, तोफखाने, तट आणि अगदी पाण्याखालची भिंतसुद्धा एकमेकांच्या भरवशावर उभी आहे. ही सगळी साखळी एकत्र पाहिली तरच त्यातला प्रत्येक दुवा कळतो. पुढची उत्तरं त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

एका शहराला एवढे किल्ले लागलेच कशाला?

चांदीसाठी. पेद्रो दे एरेदियाने १५३३ साली हे गाव वसवलं. पुढे पेरूची आणि पोतोसीच्या खाणींची चांदी पनामामार्गे कॅरिबियनच्या किनाऱ्यावर यायची. ती स्पेनला नेणारा जहाजांचा काफिला कार्ताहेनाच्या खाडीत मुक्काम करायचा, कारण एवढं सुरक्षित, खोल आणि मोठं बंदर जवळपास दुसरं नव्हतं. जिथे खजिना थांबतो तिथे लुटारूही येतात. १५८६ साली फ्रान्सिस ड्रेक आला, त्याने शहर घेतलं, जवळजवळ दोन महिने तळ ठोकला आणि १,०७,००० डुकॅट खंडणी घेऊनच निघाला.

त्याच वर्षी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने बातिस्ता आंतोनेल्ली या इटालियन अभियंत्याला कॅरिबियनच्या संरक्षणाची आखणी करायला पाठवलं. तिथून सुरू झालेलं बांधकाम अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळ चाललं. प्रत्येक हल्ल्याने एक कमजोर जागा दाखवून द्यायची आणि पुढचा अभियंता ती बुजवायचा. हा इतिहास डोक्यात ठेवून फिरलात तर कुठला बुरूज कुणाच्या धास्तीने उभा राहिला ते तुमचं तुम्हालाच सांगता येईल. १९८४ साली हे बंदर, किल्ले आणि जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

किल्ले कोणत्या क्रमाने पाहावेत?

शत्रूचं जहाज ज्या वाटेने आलं असतं, त्याच वाटेने. आधी समुद्राकडून खाडीचं तोंड, म्हणजे बोकाचिका. मग खाडीतून आत शहराकडे. मग जमिनीवरचा पहारेकरी, सान फेलिपे दे बाराहास. आणि शेवटी शहराचा तट. पर्यटन कंपन्या नेमका उलटा क्रम देतात, कारण सान फेलिपे रस्त्याला लागून आहे आणि बोकाचिकाला होडी करावी लागते. पण सान फेलिपे आधी पाहिला तर तो नुसता दगडांचा डोंगर वाटतो. बोकाचिका पाहून आलात की त्याचं तिथे असणं कळतं.

किल्ल्यांसाठी पूर्ण दोन दिवस राखून ठेवा. एक दिवस बोकाचिका आणि नौदलाच्या संग्रहालयासाठी, दुसरा सान फेलिपे आणि तटासाठी. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरलात तर उन्हानेच निम्मं पाहायचं राहून जाईल.

बोकाचिकाला काय आहे? तिथे जायचं कसं?

कार्ताहेनाच्या खाडीला दोन तोंडं आहेत. शहराजवळचं रुंद तोंड बोकाग्रांदे आणि दक्षिणेचं अरुंद तोंड बोकाचिका. या दोहोंच्या मध्ये तिएरा बोंबा नावाचं बेट आहे. १६४० साली बोकाग्रांदेच्या तोंडाशी पोर्तुगीज ताफ्यातली जहाजं बुडाली, त्यांच्याभोवती वाळू साचत गेली आणि ती वाट बंद झाली. मोठ्या जहाजांना बोकाचिकाखेरीज मार्ग उरला नाही आणि सगळं संरक्षण तिकडे सरकलं.

आज तिथे बेटाच्या टोकावर सान फेर्नांदो हा किल्ला आहे आणि समोर, पाण्याच्या पलीकडे, सान होसेचा तोफखाना. सान फेर्नांदोचा समुद्राकडचा भाग घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे, त्यामुळे तोंडात शिरणाऱ्या जहाजावर ते येताना, समोर असताना आणि पुढे गेल्यावरही तोफा डागता येत. सान होसे मुद्दाम बुटका, जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बांधलाय. तिथले गोळे पाण्याला समांतर जाऊन जहाजाच्या पोटात बसायचे. एका वेळी दोन्ही बाजूंनी मारा. मागच्या टेकडीवर आन्हेल सान राफाएल हा आणखी एक तोफखाना आहे, म्हणजे कुणी बेटावर उतरून सान फेर्नांदोच्या पाठीवर आला तर त्याची गाठ वरच्या तोफांशी पडेल. वेळ असेल तर तिथवर चढा. वरून सगळी मांडणी नकाशासारखी दिसते आणि त्याच अरुंद वाटेने आजही कंटेनरची अजस्र जहाजं आत येताना दिसतात.

जुन्या शहराच्या घड्याळ मनोऱ्याजवळच्या ला बोदेगिता धक्क्यावरून होड्या सुटतात. सकाळी लवकर निघा. डिसेंबर ते मार्च या काळात दुपारनंतर वारा चढतो आणि परतीच्या प्रवासात होडी चांगलीच आपटते, अंग भिजतं. कॅमेरा आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. परतीची होडी किती वाजता आहे हे निघतानाच विचारून घ्या. बोकाचिका हे कोळ्यांचं छोटं गाव आहे. तिथल्याच एखाद्या माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घेतलंत तर किल्लाही नीट पाहून होतो आणि पैसे गावात राहतात.

सान फेलिपेमध्ये काय पाहायचं? किती वेळ लागतो?

घाईघाईत एक तास, नीट पाहायला अडीच ते तीन तास. दार उघडतं तेव्हाच पोहोचा. सावली जवळजवळ नाही आणि दहानंतर दगड तापतात.

सान लासारो टेकडीच्या माथ्यावर १६५७ साली एक लहानसा किल्ला उभा राहिला. आज दिसणारा अवाढव्य विस्तार मुख्यतः आंतोनियो दे आरेवालो या अभियंत्याने १७६२ नंतर केलेला. आपल्याकडे डोंगरी किल्ल्यात कडा हाच अर्धा तट असतो. इथे टेकडी जेमतेम चाळीस मीटर उंचीची, म्हणून आरेवालोने टेकडीलाच तिरक्या भिंतींचं चिलखत चढवलं. भिंती उभ्या नाहीत, मागे कललेल्या आहेत, कारण तोफेचा गोळा तिरक्या भिंतीवर आदळला की त्याचा जोर वाया जातो.

खरी हुशारी तोफखान्यांच्या मांडणीत आहे. उतारावर वेगवेगळ्या पातळ्यांवर तोफखाने आहेत आणि त्यांना सान्ता बार्बारा, ला रेदेन्सिओन, बारा प्रेषितांच्या नावाचा दोसे आपोस्तोलेस अशी धार्मिक नावं आहेत. खालचा प्रत्येक तोफखाना वरच्याच्या माऱ्याखाली येतो. बाहेरच्या बाजूला जाड कठडा, पण किल्ल्याच्या बाजूने तो उघडा. शत्रूने खालचा तोफखाना जिंकला तरी तिथे उभं राहायला आडोसा नाही, वरून सरळ गोळीबार. म्हणजे जिंकलेली जागाच सापळा होते. वर जाताना प्रत्येक पातळीवर थांबा, मागे वळून पाहा आणि खाली शत्रू आहे असं समजून त्याला कुठे लपता येईल ते शोधा. सहसा जागा सापडत नाही.

मग भुयारं. टेकडीच्या पोटात बोळांचं जाळं आहे. काही बोळ तोफखान्यांना जोडणारे, काही दारूगोळ्याचे, आणि काही सुरुंगासाठी: बाहेरची एखादी बाजू हातची गेलीच तर ती जिंकणाऱ्यासकट उडवून द्यायची. बोळांच्या दोन्ही भिंतींत माणूस उभा राहील असे कोनाडे आहेत. अंधारात शिरलेल्या शत्रूला कोनाड्यातला शिपाई दिसायचा नाही. आत आवाज फार लांबवर जातो. एकाने टोकाला उभं राहून हळू बोलावं आणि दुसऱ्याने दूरच्या वळणावर ऐकावं, हा प्रयोग मुलांना खूप आवडतो. काही बोळ बुटके, ओलसर आणि खाली उतरत जाणारे आहेत. बंद जागेची भीती वाटत असेल तर आत शिरू नका, बाहेरून पाहण्यासारखंही पुष्कळ आहे.

‘हा किल्ला कधीच कुणी जिंकला नाही’ असं गाइड सांगतात. खरं का?

अर्धं खरं. १६९७ साली बॅरन द प्वाँती या फ्रेंच सेनानीने बोकाचिका घेतलं, सान फेलिपे घेतला आणि शहरही लुटलं. तेव्हाचा सान फेलिपे म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचा तो लहान किल्ला. १७४१ साली इंग्रजांना जो किल्ला घेता आला नाही, तोही आजच्या मानाने छोटाच होता. आज तुमच्यासमोर असलेला विस्तार त्या लढाईनंतरचा आहे आणि त्यावर चढाई करून तो कुणी घेतला नाही, हे बरोबर.

पण शहर मात्र पडलं, तेही स्वतःच बांधलेल्या तटाच्या आत. ११ नोव्हेंबर १८११ रोजी कार्ताहेनाने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. १८१५ मध्ये पाब्लो मोरियो स्पॅनिश फौज घेऊन आला आणि त्याने भिंतींवर डोकं आपटण्याऐवजी शहराची रसद तोडली. तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या वेढ्यात हजारो माणसं भुकेने आणि रोगाने मेली. या शहराला ‘ला एरोइका’, वीरनगरी, म्हणतात ते त्या वेढ्यामुळे. पर्यटकांना १७४१ ची गोष्ट रंगवून सांगितली जाते आणि १८१५ ची दोन वाक्यांत आटोपतात. माझ्या मते शहराच्या लोकांसाठी दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे.

१७४१ ला नेमकं काय झालं?

स्पेन आणि इंग्लंडमध्ये १७३९ साली युद्ध पेटलं. त्याच वर्षी ॲडमिरल एडवर्ड व्हर्ननने पनामाच्या किनाऱ्यावरचं पोर्तोबेलो अवघ्या सहा जहाजांनिशी घेतलं होतं आणि इंग्लंडमध्ये त्याचा जयजयकार चालला होता. मार्च १७४१ मध्ये तो कार्ताहेनासमोर आला तेव्हा युद्धनौका आणि वाहतुकीची जहाजं धरून ताफा सुमारे १८६ जहाजांचा होता. समोर स्पेनची सहा युद्धजहाजं आणि काही हजार माणसं.

बचावाची सूत्रं व्हाइसरॉय सेबास्तियान दे एस्लावा आणि नौदलाचा सेनानी ब्लास दे लेसो यांच्याकडे होती. दोघांचं आपसात पटत नव्हतं. लेसोचा आधीच्या लढायांत एक पाय गेलेला, एका डोळ्याची दृष्टी गेलेली आणि एक हात निकामी झालेला. सान फेलिपेसमोरच्या पुतळ्यात त्याचा लाकडी पाय दिसतो.

इंग्रजांनी बोकाचिकाचा त्या वेळचा सान लुईस किल्ला तोफांनी फोडला, खाडीत शिरकाव केला आणि व्हर्ननने विजयाची बातमी घरी धाडलीही. इंग्लंडमध्ये लेसो व्हर्ननपुढे गुडघे टेकतोय असं चित्र असलेली पदकं पाडली गेली. मग २० एप्रिलच्या पहाटे सान फेलिपेवरचा हल्ला फसला. चढाईसाठी आणलेल्या शिड्या तोकड्या पडल्या आणि उजाडल्यावर उतारावर अडकलेली फौज वरून टिपली गेली. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि छावणीत पीतज्वर, म्हणजे डासांमुळे होणारा यलो फीव्हर, पसरला होता. तोफांनी मेले त्याहून कितीतरी जास्त इंग्रज रोगाने मेले. मे महिन्यात ताफा परत फिरला. लेसोही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कार्ताहेनातच वारला.

या मोहिमेत उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींची एक तुकडी होती. तिच्यात जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र भाऊ लॉरेन्स होता. त्याने परत गेल्यावर आपल्या मळ्याला व्हर्ननचं नाव दिलं, तेच माउंट व्हर्नन, पुढे जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. अमेरिकेतल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ते घर पाहिलं असेल.

ही आठवण अजून ताजी आहे. २०१४ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या स्मरणाचा फलक इथे लावला गेला. शहरात इतका संताप उसळला की थोड्याच दिवसांत तो काढावा लागला.

लढाई नीट समजून घ्यायची तर सान पेद्रो क्लाबेर चर्चजवळच्या कॅरिबियन नौदल संग्रहालयात जा. तिथल्या खाडीच्या आणि जहाजांच्या प्रतिकृती पाहून बोकाचिकाची जागा चटकन डोळ्यांसमोर येते.

हे किल्ले बांधले कुणी?

अभियंत्यांची नावं फलकांवर असतात. दगड वाहणाऱ्यांची नसतात. आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम, शिक्षा झालेले कैदी आणि मजुरीवर राबणारे लोक, यांच्या हातांनी हे सगळं उभं राहिलं. दगड आसपासच्या बेटांवरचा, प्रवाळाचा. तटाजवळ जाऊन पाहा, त्यात शिंपले आणि प्रवाळाची जाळी स्पष्ट दिसते.

कार्ताहेना हे स्पॅनिश अमेरिकेतलं गुलामांच्या व्यापाराचं मुख्य बंदर होतं. घड्याळ मनोऱ्याच्या दारातून आत शिरताच जो त्रिकोणी चौक लागतो, तो प्लासा दे लोस कोचेस. आज तिथे कमानींखाली मिठाईवाले बसतात. गुलामांचा बाजार तिथे भरायचा. जवळच सान पेद्रो क्लाबेरचं चर्च आहे. हा जेझुइट पाद्री जहाजांवरून उतरवलेल्या आजारी, अर्धमेल्या माणसांची शुश्रूषा करायचा. १६५४ साली तो इथेच वारला आणि १८८८ साली त्याला संतपद मिळालं.

गुलामांपैकी जे पळून गेले त्यांनी जंगलात स्वतःची कुंपणबंद गावं वसवली. म्हणजे त्यांनीही किल्लेच बांधले, फक्त लाकडाचे. त्यांचा पुढारी बेंकोस बिओओ याला स्पॅनिशांनी १६२१ साली कार्ताहेनात मारलं. सान बासिलियो दे पालेंके हे त्या परंपरेतलं गाव आजही नांदतं आहे. तिथल्या लोकांनी आपली वेगळी भाषा, गाणं आणि अंत्यविधी जपले आहेत, आणि २००५ साली युनेस्कोने तिथल्या संस्कृतीची दखल घेतली. रंगीत घेरदार कपड्यांत फळांची टोपली डोक्यावर घेऊन शहरात दिसणाऱ्या बायका मूळच्या तिथल्या. फोटो काढण्याआधी त्यांना विचारा, आणि फळं विकत घ्या. किल्ल्यांसाठी दोन दिवस देत असाल तर तिसरा दिवस पालेंकेला द्या. त्याशिवाय किल्ल्यांची गोष्ट एकाच बाजूने ऐकल्यासारखी होईल.

पाण्याखालची भिंत दिसते का?

बहुतेक भाग दिसत नाही, पण ती आहे आणि तिचं काम आजही चालू आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला समुद्राने बोकाग्रांदेची वाळू वाहून नेली आणि बंद झालेलं तोंड पुन्हा उघडलं. आरेवालोने १७७१ ते १७७८ या काळात तिथे समुद्राच्या तळाशी दगडांचा बांध घातला, शहराच्या बाजूपासून तिएरा बोंबापर्यंत. पाण्याच्या पृष्ठभागाखाली दडलेला, जहाजाचं पोट फोडणारा. अडीचशे वर्षं झाली, मोठी जहाजं अजूनही बोकाचिकाला वळसा घालूनच आत येतात. बोकाग्रांदे याच नावाच्या वस्तीतल्या उंच इमारतींच्या शेवटच्या टोकाला जाऊन पाण्याकडे पाहिलंत तर रंगाचा आणि लाटा फुटण्याचा फरक कळतो. माझ्या लेखी कार्ताहेनातलं सगळ्यात थोर बांधकाम हेच.

शहराच्या तटावरून चालता येतं का? पैसे लागतात का?

चालता येतं, आणि तटावर फिरायला तिकीट नाही. फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, इतकी रुंद आहे की तोफेचे गाडे सहज फिरायचे. वर चढायला पायऱ्यांऐवजी ठिकठिकाणी उतार आहेत, तेही तोफांसाठीच. सान्तो दोमिंगो बुरुजाशी संध्याकाळी गर्दी उसळते. शांतता हवी असेल तर सूर्योदयाला सान्ता कातालिना बुरुजाकडे जा. त्याच बाजूला लास बोबेदास आहे: १७९२ ते १७९८ मध्ये बांधलेल्या, बॉम्बगोळ्यालाही दाद न देणाऱ्या २३ कोठड्या. आधी कोठार, पुढे तुरुंग, आता हस्तकलेची दुकानं. वसाहतकाळातलं इथलं हे शेवटचं मोठं बांधकाम. सामान घ्यायचं नसलं तरी एका दुकानात शिरून छताची जाडी पाहा.

तट पूर्ण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहर वाढवण्याच्या नादात हेत्सेमानी या जुन्या वस्तीच्या बाजूचा काही भाग पाडला गेला.

आपल्या वसई, कोर्लईशी याचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते खरोखरचं नातं आहे. १५८० नंतर पोर्तुगालची गादीही दुसऱ्या फिलिपकडेच आली. म्हणजे ज्या राजाने आंतोनेल्लीला कॅरिबियनमध्ये धाडलं, त्याच्याच अमलाखाली जोव्हानी बातिस्ता कैराती हा मिलानचा अभियंता गोव्यात पोर्तुगीजांचा मुख्य अभियंता होता. मोंबासाचा फोर्ट जीझस त्याच्या आराखड्याचा, आणि वसई, दमणच्या तटबंदीशीही त्याचं नाव जोडलं जातं. दोघेही इटलीत घडलेल्या एकाच विद्येचे: बुटके, जाड तट आणि बाणाच्या टोकासारखे कोनदार बुरूज, ज्यांच्यामुळे तटाच्या पायथ्याची कुठलीच जागा माऱ्यातून सुटत नाही. वसईच्या किल्ल्यात भटकलेल्या माणसाला कार्ताहेनाचे बुरूज ओळखीचे वाटतात ते यामुळे.

काळही जुळतो. चिमाजी अप्पांनी वसई घेतली मे १७३९ मध्ये, सुरुंगांनी बुरूज उडवून. दोनच वर्षांनी व्हर्नन तसल्याच तटबंदीपुढे हरला. मराठ्यांनी महिनोन्‌महिने वेढा देऊन, जमिनीखालून काम केलं. इंग्रज पावसाच्या आणि तापाच्या धाकाने घाईत शिड्या घेऊन धावले. दोन्ही किल्ले पाहिलेल्यांनी या फरकावर जरूर बोलावं.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते मार्च. कोरडी हवा, वारा, पण गर्दी आणि चढे दर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस जास्त, रस्त्यांवर पाणी साचतं. उकाडा बारमाही आहे, कोकणातल्या मे महिन्याची तयारी ठेवूनच जा. ११ नोव्हेंबरच्या आसपास स्वातंत्र्याचा उत्सव असतो. तो पाहायचा असेल तर हेत्सेमानी भागात फिरा, १८११ चा उठाव त्याच वस्तीतून झाला.

आई-बाबांना आणि मुलांना नेता येईल का?

तटावर जरूर. सान फेलिपेची चढण आखूड पण तीव्र आहे आणि दगड गुळगुळीत झालेत. गुडघे दुखत असतील तर पहिल्या पातळीपर्यंत जाऊन परतावं. चाकाची खुर्ची वर नेणं अवघड. होडीत चढता-उतरतानाही आधार लागतो. मुलांना भुयारं आणि तोफा पुरतात. फक्त तटाला ठिकठिकाणी कठडा नाही, हात सोडू नका.

व्हिसा आणि प्रवासाचं काय?

भारतीय पासपोर्टवर कोलंबियाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असलेल्यांना सूट मिळते. अटी बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी कोलंबियाच्या दूतावासाकडून ताजी माहिती घ्या. भारतातून थेट विमान नाही. युरोपमार्गे बोगोता आणि तिथून दीडेक तासात कार्ताहेना, हा सोपा मार्ग. अमेरिकेतून जाताना नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, हे विसरू नका. अमेरिकेत राहणाऱ्यांना मायामीहून थेट विमानं आहेत.

पीतज्वराची लस खरंच आवश्यक आहे?

हो, आणि हा प्रश्न शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. कोलंबिया भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे. तिथून परतताना लसीचा पिवळा दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मुंबईत अशी केंद्रं आहेत, पण आधी वेळ घ्यावी लागते. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, तान्ही मुलं, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. व्हर्ननच्या सैन्याचं या रोगाने काय केलं ते वर लिहिलंच आहे. डास आजही आहेत, मलम आणि लांब बाह्यांचे कपडे सोबत ठेवा.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, पण विचारावं लागतं. पाताकोन म्हणजे कच्ची मोठी केळी कापून, चेपून तळलेली, आणि आरोस कोन कोको म्हणजे नारळाच्या दुधातला भात. दोन्ही पोटभरीचे. चीज घातलेली मक्याची आरेपा सगळीकडे मिळते. आरेपा दे उएबो मात्र अंड्याची. उसळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्यात बहुधा मांस असतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, कोंबडी नको, मासे नको) हे पाठ करून जा. मासे खाणाऱ्यांनी तळलेला मोहार्रा चुकवू नये.

भाषा, पैसे, सुरक्षितता?

गाइड इंग्रजीत मिळतात, बाकी व्यवहार स्पॅनिशमध्ये. फोनमध्ये भाषांतराची सोय आधीच उतरवून ठेवा. होडी आणि लहान दुकानांसाठी पेसो रोख लागतात. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्यापूर्वी भाडं ठरवा. तटाच्या निर्जन भागांत रात्री उशिरा जाऊ नका. फेरीवाले पिच्छा पुरवतात, हसून ‘नो, ग्रासियास’ म्हणून पुढे चालत राहा.

आणखी आठवडा हाताशी असेल तर पुढे कुठे?

पनामातलं पोर्तोबेलो. चांदी जिथे जहाजांवर चढायची ते बंदर, आणि व्हर्ननने १७३९ साली घेतलेलं. तिथले किल्ले पडझड झालेले आहेत, २०१२ साली युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेले, आणि गाव गरीब आहे. कार्ताहेनासारखी रंगरंगोटी तिथे नाही. पनामा सिटीहून दिवसभरात जाऊन येता येतं. सान लोरेन्सो हा चाग्रेस नदीच्या मुखावरचा किल्ला त्याच भागात आहे, पण दोन्ही एका दिवसात नको.